रोज एक नोंद कमी

सुनंदाताई उईके जिना चढून आली की दारातच थांबायची. आत कोण कोण आहे ते ओठ हलवत मोजायची आणि मगच चपला काढायची. आम्ही सगळे मिळून सात जण. त्यातलं कोणी चहाला खाली गेलेलं असलं तर ती नाव घेऊन चौकशी करायची, आणि ते माणूस वर येईपर्यंत तिचं चित्त कामात नसायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, साहेबांनी या बाईला हजेरीवर नेमलंय.

गोंदियाच्या बाजारगल्लीत, एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. काम एकच. जंगलाला लागून असलेल्या गावांना वाघ-बिबट्याची खबर फोनवरून पोहोचवायची. वनमजुरांना जनावर किंवा ताजे पंजे दिसले की ते आमच्या नंबरवर कळवत. संगणक त्या जागेच्या आसपासची गावं शोधून तिथल्या नोंदवलेल्या फोनांवर आपोआप कॉल लावी. अमुक नाल्याजवळ वाघ आहे, तिकडे जाऊ नका. आधी मराठीत, मग गोंडीत.

गोंडीतला आवाज सुनंदाताईचा होता. खरं तर ती कोड लिहायला आलेली, पण ऑफिसात गोंडी बोलणारी ती एकटीच. आमचे बिसेन सर मोठ्या उमेदीचे गृहस्थ. त्यांना आवाज शांत, धीर देणारा हवा होता. तीनदा रेकॉर्डिंग झालं आणि तिन्ही वेळा तिचा आवाज "वाघ" या शब्दाशी थरथरला. चौथ्यांदा तिनं सांगून टाकलं की सर, मले धीर नाई तं मी देऊ कुठून. शेवटी थरथरता आवाजच ठेवला. पुढे गावांतून कळलं की लोक मराठी सुरू झालं की फोन कानापासून दूर धरतात आणि त्या बाईचा आवाज आला की उभे राहून ऐकतात.

तिला कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसले तर संपणार नाही. चहाच्या किटलीचं बटण बंद करून तिचं भागत नसे. ती वायर काढायची आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवायची. अनोळखी नंबरचा फोन घेण्याआधी हात पदराला पुसायची. सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं की माझ्याकडे सरकवायची. "ममता, तू फोड." फोडून मी वाचत असताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायची. बिसेन सर हसून म्हणायचे, "मॅडम का डर भी ना, चौबीस घंटे ड्यूटी करता है." ती रागवायची नाही. खरंच आहे, अशी मान हलवायची.

"काम झालं" हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. एकदा नागपूरहून पाहुणे आले होते, ज्या संस्थेच्या पैशावर आमचं चाललं होतं तिथले. त्यांनी विचारलं, नव्या गावांची यादी पूर्ण झाली का. सर डोळ्यांनी खुणावत होते. सुनंदाताई म्हणाली, "माझ्याकडून झाली. कोनी तपासली नाई अजून." पाहुणे गेल्यावर सरांनी तिला ऐकवलं. नंतर ती मला म्हणाली की सर रागावले त्याची भीती वाटली, पण झालं म्हटलं असतं तर जास्त वाटली असती.

तिचं लग्न, शिक्षण, आधीची नोकरी, या गोष्टी मला तुटक तुटक कळल्या. सलग कळली ती एकच. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून तिनं ती सांगितली. तिचं गाव साजाटोला, सडक अर्जुनीच्या पुढे जंगलात. मोहफुलांच्या दिवसांत बाया पहाटे टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. अंधूक उजेडात एकमेकी दिसत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची आणि दुसरीनं "हो" म्हणायचं. सुनंदाताई दहा वर्षांची होती. हाका मोजायचं काम तिच्याकडे दिलं होतं, लहान मुलीला काहीतरी काम म्हणून. एका फेरीला एक "हो" कमी आला. तिला वाटलं, आपलंच चुकलं. ती पुढची फेरी होईपर्यंत गप्प बसली. दुसऱ्या फेरीलाही तेवढेच आले. कमी पडलेला 'हो' तिच्या मावशीचा होता. वाघानं तिला नेलं होतं.

एवढं सांगून ती जेवली. मी माझा डबा झाकून ठेवला.

आता त्या मार्चमधल्या आठवड्याचं सांगते.

आमच्या कोडमध्ये कधी, काय बदललं ते बघायला ब्राउझरमध्ये एक व्ह्यूअर होता. आधी सोडून गेलेल्या एका माणसानं तो घरच्या घरी बनवला होता. नवे बदल वर, जुने खाली, एका पानावर तीस नोंदी, तळाशी "पुढचं पान" असं बटण. मोहाचा हंगाम तोंडावर आला की बिसेन सर हीच यादी पानं उलटत वरून खाली वाचायचे आणि सगळं ठीक दिसलं की नवं कोड मुख्य मशीनवर चढवायचे.

सोमवारी सुनंदाताईनं पहिल्या पानाच्या अगदी तळाशी एक नोंद पाहिली. चाचणीसाठी साजाटोला आणि शेजारच्या दोन गावांचे कॉल बंद, एवढाच मजकूर. आपल्या गावाचं नाव म्हणून तिचं लक्ष गेलं. हे परत सुरू केलं का, असं विचारायचं तिनं मनात ठेवलं. मंगळवारी ती नोंद तिथं नव्हती. दुसऱ्या पानावरही नव्हती. तिनं सरांना सांगितलं. सरांनी दोन्ही पानं उघडली, बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, असं काही नाहीये, मॅडम. बुधवारी त्यांनी नवं कोड चढवलं.

त्या तीन दिवसांत तिचा चेहरा उतरला. ती पानं उलटायची, परत मागे यायची, वहीत काहीतरी लिहायची. बुधवारी दुपारी ती माझ्या खुर्चीशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "ममता, काल एक नव्हती. आज दोन नाईत."

मी हसले. हे मला आजही टोचतं. म्हटलं, ताई, घरी जा, झोप काढ. ती परत आपल्या जागेवर गेली. तिचे वडील शेवटच्या वर्षांत अंगणात नसलेली माणसं बघायचे, त्यांना पाणी द्या म्हणायचे. ते आपल्याला सुरू झालं, असं तिनं तेव्हा धरून टाकलं होतं, हे मला मागाहून कळलं. खात्री करायला सोपी वाट होती. व्ह्यूअर सोडायचा, काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची, सगळ्या नोंदी पानांशिवाय सलग समोर येतात. कोड लिहिणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं, तिलाही होतं. पण ती आज्ञा टाइप करायला तिचा हात होईना.

"तिथं बी नसली तं?" ती नंतर म्हणाली. "तं मंग मीच बिघडली, हे पक्कं झालं असतं ना."

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास तिनं शेवटी ते केलं. मी समोरच होते. तिचे ओठ हलत होते, पेन्सिल वहीवर टिकटिक करत होती. मग पेन्सिल थांबली. तिनं मला हातानं बोलावलं. सरांच्या खुर्चीकडे तिनं पाहिलंही नाही. सर तसेही नागपूरला गेले होते.

स्क्रीनवर ती नोंद होती. बाजूला करणाऱ्याचं नाव होतं. माझं.

मला क्षणभर काही आठवलं नाही, आणि मग सगळं आठवलं. हिवाळ्यात मी एक चाचणी केली होती. खोट्या वाघासाठी गावं जागी होऊ नयेत म्हणून तीन गावांचे कॉल तिकडे बंद करून ऑफिसच्या खणातल्या फोनवर वळवले होते. चाचणीनंतर काढायचं होतं. पुढे माझे सात बदल एका झटक्यात मुख्य कोडमध्ये चढले, त्यात हा राहिला. मी विसरले. बुधवारपासून तो खऱ्या मशीनवर चालू होता.

मी सरांना फोन लावला, लागेना. मुख्य मशीनची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकट्या त्यांच्याकडे. सुनंदाताई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात खणात फोन वाजला.

तो फोन महिनोन्महिने वाजत नसे. मी खण उघडला, पण उचलायचं धाडस मला झालं नाही. तिनं पदराला हात पुसला आणि उचलला. स्पीकर सुरू होता. आधी मराठी आवाज. साजाटोल्याच्या नाल्याजवळ वाघीण आणि पिल्लं, तिकडे जाऊ नका. मग गोंडी सुरू झालं. सुनंदाताई स्वतःचाच कापरा आवाज ऐकत उभी होती. संपल्यावर तिनं फोन जपून परत खणात ठेवला.

शेजारच्या दोन गावांत आम्ही हातानं फोन लावले. पाच-सहा जणांनी उचलले, दवंडी देतो म्हणाले. साजाटोल्यात एकही लागला नाही. तिथं शाळेमागच्या उंचवट्यावर गेलं तरच नेटवर्क मिळतं. संगणक दर दहा मिनिटांनी परत परत लावत राहतो म्हणून एरवी कोणाला तरी कॉल पोहोचायचा. तिची माय तिथंच राहायची. पहाटे मोह वेचायला जायची.

सुनंदाताईनं पिशवी उचलली. "गाडी काढ," म्हणाली.

सडक अर्जुनीपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. पुढची जंगलातली वाट मात्र सगळी आठवते. ऊन कलतं झालेलं, साजाची, म्हणजे ऐनाची, पानं गळून रस्ताभर पसरलेली, चाकाखाली त्यांचा आवाज इतका मोठा की मागून काही येत असलं तरी ऐकू येणार नाही. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळलेला, जागोजागी जमीन काळी. ती माझ्या मागे बसून मोठ्यानं बोलत होती. कशाबद्दलही. भाताच्या वाणांबद्दल, तिच्या शाळेतल्या मास्तरांबद्दल. जंगलात आवाज करत जायचं असतं, म्हणून. मध्येच डावीकडे वानरं खेकसली आणि फांद्यांवरून उड्या मारत पळाली. तिचं बोलणं तुटलं. तिची नखं माझ्या खांद्यात रुतली.

"थांबवू नको," ती कानाशी म्हणाली. "वेग बी नको वाढवू. पडशील."

मी तशीच चालवत राहिले. बाजूच्या झुडपात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही. पाठीवर तिच्या छातीचे ठोके लागत होते आणि थोड्या वेळानं ती पुन्हा बोलू लागली, त्याच मास्तरांबद्दल, जिथं सोडलं होतं तिथूनच.

गावात पोहोचलो तेव्हा अंगणाअंगणात टोपल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. माय ओट्यावर बसली होती, बारीक, ताठ. लेकीला अवेळी बघून ती उठली नाही. काऊन आली, एवढंच तिनं विचारलं. सुनंदाताईनं सांगितलं. चार-पाच बाया जमल्या. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोन तं आला नाई."

बाकीच्यांनीही तेच म्हटलं. वाघ असला की फोन येतो. दोन वर्षं येऊन राहिला. नाही आला म्हणजे वाघ नाही. आमच्या कामाची यापेक्षा मोठी पावती मी कधी ऐकली नव्हती.

मी खाली बघत होते. आता ती माझं नाव घेईल असं मला वाटलं. घ्यायला हवं होतं.

"फोन आला होता, माय," सुनंदाताई म्हणाली. "तो तुमच्याकडं यायच्या ऐवजी आमच्याकडं आला. चूक आमची आहे."

तू लहानपणापासून भित्री, असं काहीतरी माय पुटपुटली.

आम्ही तिथंच राहिलो. पहाटे मला जाग आली तेव्हा सुनंदाताई अंथरुणात नव्हती. बाहेर आले. गाव संपून जिथं मोहाची झाडं सुरू होतात तिथं, वाटेच्या मधोमध, ती मातीत बसली होती. गावाकडे तोंड, जंगलाकडे पाठ. तिच्या पुढ्यात आठ-दहा बाया टोपल्या घेऊन उभ्या. फुलं खाली पडून राहिली की हरणं खातात, ढोरं खातात, दिवस फुकट जातो. त्या तिला हे नाना तऱ्हांनी सांगत होत्या. त्यांचं खोटं नव्हतं. एक म्हातारी तिला वळसा घालून निघाली तर सुनंदाताईनं बसल्या बसल्या तिचं लुगडं धरलं आणि सोडलं नाही. तिचे दात वाजत होते. थंडी तर नव्हतीच. पाठीमागे पानं वाजली की तिचे डोळे मिटायचे, पण ती वळून बघत नव्हती आणि उठतही नव्हती.

ऊन चांगलं वर आल्यावर वनमजूर आले. गावातल्या चार माणसांना घेऊन ते नाल्याकडे गेले. ओल्या रेतीत मोठे पंजे होते, सोबत दोन लहान. त्यांतली एक रांग मोहाच्या पहिल्या झाडापर्यंत येऊन परत फिरली होती. केव्हाची ते कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. आदल्या संध्याकाळची असेल किंवा त्याच पहाटेची. कोणी आभार मानले नाहीत. जिचं लुगडं धरलं होतं ती म्हातारी हरणांनी खाल्लेल्या फुलांबद्दल बडबडत घरी गेली.

शुक्रवारी दुपारी बिसेन सर नागपूरहून परतले. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला तेव्हा मी सुनंदाताईकडे बघितलं. ती म्हणाली, "तू सांग. मी सांगितलं तं तुले जन्मभर माझी भीती वाटंल."

मी सांगितलं. सर आधी चिडले, मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. यादी त्यांनीच वाचली होती. त्यांनी पासवर्ड टाकला आणि माझा बदल काढला.

मग सुनंदाताई व्ह्यूअर दुरुस्त करायला बसली. चूक अगदी साधी निघाली. पुढचं पान मागितलं की व्ह्यूअर आधीच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीची वेळ बघायचा आणि तिच्याहून जुन्या तेवढ्या नोंदी दाखवायचा. पण माझ्या सात बदलांवर एकच वेळ होती, सेकंदासकट. पान त्यांच्या मधोमध तुटलं की उरलेल्या नोंदी शेवटच्या नोंदीहून जुन्या ठरत नव्हत्या. त्या या पानावरही नाहीत आणि त्याही पानावर नाहीत. सोमवारी ते सातही पहिल्या पानाच्या तळाशी मावले होते. मग वरून एक नवा बदल आला, सगळे एकेक ओळ खाली सरकले आणि सातवा गळला. दुसऱ्या दिवशी सहावा. आणखी काही दिवसांनी सातही दुसऱ्या पानावर जाऊन परत दिसू लागले असते, आणि तिनं काय पाहिलं होतं हे कोणालाच कधी कळलं नसतं.

वेळ सारखी असेल तर नोंदीचा क्रमांक बघायचा, एवढं तिनं घातलं. दोन ओळी. मग वहीत रेघा मारत तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं मोजली. दोनदा. मला तिसऱ्यांदा मोजायला लावलं. बेरीज जुळल्यावर तिनं मला विचारलं, "म्हंजे सोमवारी मले दिसली ते खरीच होती ना?"

हो म्हटल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दुरुस्तीला जोडायच्या टिपेत तिनं लिहिलं होतं: एकाच वेळेच्या नोंदी पान बदलताना गळत होत्या, आता गळत नाहीत असं वाटतं, कोणीतरी पुन्हा मोजावं. सरांनी "असं वाटतं" खोडलं. हे पुढे कोणी वाचेल तर काय म्हणेल, म्हणाले. तिनं ते परत लिहिलं. सरांनी दुसऱ्यांदा खोडलं नाही.

पुढच्या वर्षी मायची तब्येत ढासळली आणि सुनंदाताई नोकरी सोडून साजाटोल्याला गेली. निरोपाचं जेवण वगैरे तिनं करू दिलं नाही. फोन करायची कधीमधी, पण उंचवट्यावर जाऊन करावा लागायचा, त्यामुळे बोलणं निम्म्यात तुटायचं. मग तेही थांबलं.

तिला शेवटचं पाहिलं ते सडक अर्जुनीला. मी रायपूरला निघाले होते. बस महामार्गावर ढाब्यापुढे थांबली, आणि पलीकडच्या कडेला ती उभी दिसली. केस पिकलेले, हातात औषधांची पिशवी. ट्रकमागून ट्रक जात होते. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून तिला हाक मारली. हाक तिला ऐकू गेली नसावी, पण मी दिसले. तिनं चटकन हात वर केला. मला वाटलं, ती निरोपाचा हात हलवते आहे, मीही हलवला. तिचा हात मात्र जोरजोरात एकाच बाजूला झटकत होता, आणि चेहरा घाबराघुबरा झालेला. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा मला उमगलं. मी डोकं आत घेतलं. ट्रक खिडकीला घासून जावा तसा गेला. तो गेल्यावर बस सुटली. मागच्या काचेतून बघितलं तर ती अजून त्याच कडेला उभी होती, आणि तिचा हात अजून खाली आलेला नव्हता.